तांबी, अज्ल आणि खालाचा सवाल

माझ्या खालाचे सासर केडगावचे. पुण्याहून नगरला येताना शहराच्या तोंडाशी जे गाव लागते, रेणुकामातेच्या देवळासाठी जे पंचक्रोशीत ओळखले जाते, ते हे केडगाव. आता ते महापालिकेच्या हद्दीत आहे आणि नगरचे नावही २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. आमच्या घरात मात्र अजूनही ‘केडगाव’ म्हटले की खालाचे घर एवढाच अर्थ होतो.

१९८० नंतरच्या वर्षांतली गोष्ट. खालाला तीन मुले झाली होती आणि तिसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. पाळणा लांबवावा म्हणून तिला एका शिबिरात तांबी बसवली गेली. बसवण्यापूर्वी तिच्या अंगात रक्त किती आहे, पाळी कशी येते, किती दिवस राहते, हे कोणी पाहिले नाही की विचारले नाही. पुढे दीड वर्ष दर महिन्याला बारा-पंधरा दिवस तिच्या अंगावरून जात राहिले. रमजानचे निम्मे रोजे सुटले. चेहरा पांढराफटक पडला. मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, अल्लाहच्या कामात हात घातला की असेच व्हायचे. हळूहळू तिलाही तसेच वाटू लागले. शेवटी तिने तांबी काढून टाकली, वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहिले आणि चौथ्या बाळंतपणानंतर तिचे ऑपरेशन झाले. त्याचा निर्णय खालू आणि तिचे सासरे यांनी घेतला.

खूप वर्षांनी मी तिला विचारले, “खाला, तुला त्या वेळी मजहब आडवा आला का?” ती म्हणाली, “मजहब का क्या बेटा, मेरेकू कोई पूछाच नै.”

मुस्लिम समाज आणि कुटुंबनियोजन या विषयावर गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेक लिखाणाचा प्रश्न एकच असतो : मुसलमान कुटुंबनियोजन स्वीकारतात की नाही? बाहेरचे ‘नाही’ म्हणून आरोप करतात, आपल्यातले काही ‘करायचेच नाही’ म्हणून छाती काढतात, तर काही ‘करतो की’ म्हणून आकडे दाखवतात. खालाच्या प्रश्नाला यात कुठे जागाच नाही. कोणते साधन, कोणत्या बाईला, तिच्या तब्येतीला ते मानवेल का आणि हे तिला कोणी विचारले का, असा तो प्रश्न आहे. इतिहास धुंडाळला तर ध्यानात येते की हा प्रश्न नवा नाही. आपल्याच जुन्या ग्रंथांत तो विचारला गेला होता. मधल्या काळात तो हरवला.

हकीम आणि फकीह यांचा विचार

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात गर्भ राहू नये म्हणून ‘अज्ल’ करण्याची रीत होती. अज्ल म्हणजे वीर्यपात बाहेर करणे. कुरआन अवतरत होते त्या काळात आम्ही अज्ल करीत असू, अशा आशयाची हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. याच्या उलट, अज्लला ‘छुपे जिवंत पुरणे’ म्हणणारी जुदामा बिन्ते वहब यांची हदीसही आहे. उलेमांनी दोन्ही समोर ठेवून शतकानुशतके चर्चा केली आणि बहुतेकांचा निष्कर्ष असा निघाला की अज्ल हराम नाही. काहींनी त्याला मकरूह मानले, म्हणजे टाळलेले बरे म्हटले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यापुढे येतो. आपल्याकडे देशावरचे मुसलमान बहुतांशी हनफी, तर कोकणातले शाफई. हनफी फकीहांनी अज्लसाठी पत्नीची संमती आवश्यक मानली. मालिकी आणि हंबली मतही साधारण तसेच आहे. कारण त्यांनी असे दिले की अपत्याचा हक्क आणि शरीरसुखाचा हक्क हा बायकोचाही आहे, नवऱ्याने एकट्याने तो काढून घेता येत नाही. शाफई पंथात याबाबत मतभेद होते. त्या काळच्या समाजात स्त्रीपुरुष समान होते असा दावा मी करीत नाही. गुलाम स्त्रीला हा हक्क नव्हता, ही गोष्टही त्याच ग्रंथांत लिहिली आहे. तरीही विवाहित स्त्रीला विचारल्याशिवाय हे करू नये, हे तत्त्व म्हणून लिहून ठेवले गेले, ही लहान गोष्ट नव्हे.

इमाम गझाली (मृत्यू ११११) हे शाफई. ‘इह्या उलूम-उद्दीन’ या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी अज्ल कोणत्या हेतूने केले तर चालते याची चर्चा केली आहे. बाळंतपणात बाईच्या जिवाला असणारा धोका आणि तिचे रूप-प्रकृती टिकवणे ही कारणे त्यांनी ग्राह्य धरली. पुष्कळ मुलांच्या पोषणासाठी होणारी ओढाताण टाळणे हेही कारण त्यांना मान्य होते. मुलगी होईल या भीतीने अज्ल करणे मात्र त्यांनी नाकारले.

फकीहांच्या जोडीला हकीम होते. अल-राझी (८६५–९२५) यांच्या ग्रंथांत गर्भ टाळण्याच्या औषधांची आणि उपायांची मोठी यादी आहे. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी ‘अल-कानून फित्-तिब्ब’मध्ये या विषयाला स्वतंत्र जागा दिली. हकिमाला गर्भधारणा टाळण्याचा उपाय केव्हा करावा लागतो हे ते सांगतात : बाई वयाने लहान असून बाळंतपणात दगावण्याची भीती असेल तर, तिच्या गर्भाशयाला आजार असेल तर, तिचे मूत्राशय कमजोर असेल तर. या तिन्ही कारणांत कोणताही आकडा नाही, देशाची लोकसंख्या नाही की जमातीची ताकद नाही. समोर बसलेली एक बाई आणि तिची तब्येत एवढेच आहे. त्या काळची औषधे आज कोणी वापरू नयेत, त्यांतली कित्येक निरुपयोगी आणि काही घातक होती. पण हकिमाने प्रश्न बरोबर विचारला होता.

ही विद्या आपल्या नगरपर्यंत पोहोचली होती. मलिक अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहरात, बुरहान निजामशहाच्या दरबारी, रुस्तम जुर्जानी नावाच्या इराणी हकिमाने ‘जखीरा-ए-निजामशाही’ हा वैद्यकावरचा फारसी ग्रंथ लिहिला. केडगावपासून ते दरबार चार-पाच मैलांवर. किल्ला पाहायला आपण मुलांना घेऊन जातो, पण तिथे कधीकाळी वैद्यकाचे ग्रंथ लिहिले जात होते हे त्यांना सांगत नाही.

नगरच्या आमदाराचा ठराव

आधुनिक काळात महाराष्ट्रात हा विषय उघडपणे मांडला तो प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. १९२३ मध्ये कर्व्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले. याच कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यांना सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी हा विषय देशाच्या हिशेबातून उचलून माणसाच्या शरीराशी आणि सुखाशी जोडला.

यानंतरचे पान तर आपल्या जिल्ह्याचे आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे नगर जिल्ह्यातले आमदार प्रभाकर जनार्दन रोहम यांनी एक बिनसरकारी ठराव मांडला. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याची साधने पुरेशी उपलब्ध करून द्यावीत, असा तो ठराव. पक्षाचे नेते डॉ. आंबेडकर त्या दिवशी सभागृहात हजर नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण रोहमांनी केले. त्यात दारिद्र्याचा मुद्दा होता, तसाच बाईच्या देहाचाही. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला कोणी पुरुष तयार झाला नसता, अशा अर्थाचा युक्तिवाद त्या भाषणात आहे. नको असलेले गर्भारपण बाईवर लादले जाऊ नये, त्याबाबत तिचा शब्द चालला पाहिजे, हे सभागृहात स्पष्टपणे सांगितले गेले. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला.

त्याच सुमाराची आणखी काही चित्रे शेजारी ठेवावीत. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी साधनांना विरोध करून संयमाचा आग्रह धरला. १९३७ मध्ये इजिप्तचे मुफ्ती शेख अब्दुल मजीद सलीम यांनी पती-पत्नींना गर्भ टाळण्याचे तात्पुरते उपाय करता येतात असा फतवा दिला. त्यांनी आधार घेतला तो हनफी फकीहांच्या अज्लविषयक चर्चेचाच. आणि औरंगाबादेत जन्मलेल्या मौलाना मौदूदींनी संततिनियमनाविरुद्ध पुस्तक लिहून ते पाश्चात्त्य भोगवादाचे लक्षण ठरवले. म्हणजे विरोध सगळ्याच धर्मांच्या लोकांत होता आणि पाठिंबाही सगळ्यांत होता. ‘मुसलमान विरुद्ध बाकीचे’ अशी रेघ त्या काळी नव्हती. ती नंतर ओढली गेली.

माळ, लूप आणि लक्ष्य

भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. सुरुवातीला म्हैसूर राज्यातल्या रामनगरसारख्या ठिकाणी ‘सुरक्षित दिवस’ मोजण्याचे प्रयोग झाले. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. रोज एक मणी सरकवायचा, एका रंगाच्या मण्यांच्या दिवसांत जवळीक टाळायची. तसबीह ओढणाऱ्या आपल्या आयाबायांना ही कल्पना सहज कळली असती. पण पाळी सगळ्यांची सारखी नसते, अंगावर पाजणाऱ्या बाईची तर नसतेच. माळ सगळ्यांना एकच होती. प्रयोग फसला.

१९६५ मध्ये लूप आला. हे गर्भाशयात बसवायचे प्लॅस्टिकचे साधन. एकदा बसवले की वर्षानुवर्षे काम भागेल, म्हणून सरकारला त्याचे फार आकर्षण वाटले. शिबिरे भरवून लाखो बायकांना लूप बसवले गेले. तपासणी पुरती नाही, नंतर विचारपूस नाही. आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगात मुळात रक्त कमी. त्यातून रक्तस्राव वाढला, ओटीपोट दुखू लागले, जंतुसंसर्ग झाले. दोन-तीन वर्षांत लूपचे नाव इतके खराब झाले की बायका त्यापासून पळू लागल्या. साधन अगदीच टाकाऊ नव्हते. ज्या बाईला ते मानवणार नाही तिलाही बसवले गेले, हा दोष होता. पुढे तांब्याची तार गुंडाळलेले सुधारित साधन आले, तिलाच आपण ‘तांबी’ म्हणतो. साधन सुधारले, शिबिराची रीत तीच राहिली. खालाच्या बाबतीत तेच घडले.

१९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आला, तीन नगांना १५ पैसे. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर दिसू लागला. पण हळूहळू सगळा भर शस्त्रक्रियेवर आला, कारण तिची मोजदाद सोपी. किती केसेस झाल्या, एवढेच वरून विचारले जाई.

आणीबाणीत याचा कळस झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. शहा आयोगाने नसबंदीशी संबंधित १७७४ मृत्यूंची नोंद केली. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, जानेवारी १९७६ मधल्या शिबिरात माणसांना जबरदस्तीने पकडून नेल्याच्या तक्रारी झाल्या. नोव्हेंबर १९७६ मध्ये हरियाणातल्या उत्तावर या मेव मुसलमानांच्या गावाला पोलिसांनी वेढा घातला, पुरुषांना नेऊन त्यांची नसबंदी केली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर त्याच वर्षी तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही.

सक्ती सगळ्यांवरच झाली. दलित, आदिवासी, गरीब शेतकरी, झोपडपट्टीतले लोक, कोणी सुटले नाही. पण दिल्लीचे तुर्कमान गेट आणि उत्तावर यांच्या बातम्या मुसलमान मोहल्ल्यांत वेगळ्या अर्थाने पोहोचल्या. आपला वंश बुडवायचा घाट आहे, असा समज पक्का झाला. भीतीला आधार होता, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र या भीतीचा हिशेबही शेवटी बाईनेच चुकता केला. सरकारला तिच्याकडून एक केस हवी होती, जमातीला तिच्याकडून संख्या हवी होती. दोन्हींकडे तिचे शरीर म्हणजे आकडा.

दोन गोष्टी ज्यांचा मेळ बसला नाही

आणीबाणीनंतर सरकार पडले, ‘कुटुंबनियोजना’चे ‘कुटुंब कल्याण’ झाले. पुरुषांच्या नसबंदीला हात लावायची पुढाऱ्यांची हिंमत उरली नाही. मग सगळा भार बायकांवर टाकला गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. तांबी २.१ टक्के, गोळ्या ५.१ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, काही मिनिटांची आणि बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा पुष्कळ सोपी, तरी हे आकडे असे आहेत.

इथे आपल्या समाजाच्या बाबतीत एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. बहुतेक उलेमांचे मत असे की तात्पुरते उपाय चालतात, पण कायमची नसबंदी, जिवाला धोका असल्याखेरीज, जायज नाही. म्हणजे धर्मनिष्ठ मुसलमान बाईला तात्पुरत्या साधनांचे दार उघडे होते. सरकारी कार्यक्रम मात्र मुख्यतः एकच गोष्ट घेऊन दारात उभा होता : ऑपरेशन. जे चालत होते त्याची नीट माहिती कोणी देत नव्हते, आणि जे दिले जात होते ते तिला चालत नव्हते. तिने नकार दिला की ‘हे लोक ऐकत नाहीत’ असा शिक्का बसे. मौलवींनीही मिंबरवरून ऑपरेशन हराम एवढेच सांगितले, अज्लची आणि पत्नीच्या संमतीची चर्चा लोकांपर्यंत नेली नाही. अर्धे सत्य दोन्ही बाजूंनी सांगितले गेले.

तरीही समाज बदलत राहिला. १९९२-९३ मध्ये देशातल्या मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुले होत, २०१९–२१ मध्ये २.४. त्याच काळात हिंदू स्त्रीचा आकडा ३.३ वरून १.९ वर आला. घट मुस्लिम स्त्रियांतच अधिक झाली. ही घट शिक्षणाने, महागाईने, मुले जगू लागल्याने झाली. आणि पुष्कळशी बायकांनी आपापसांत विचारपूस करून, चुकतमाकत केली. या चुकतमाकत होण्यातले हाल टाळता आले असते.

जामखेडची रीत

टाळता आले असते असे मी म्हणते, कारण आमच्याच जिल्ह्यात ते करून दाखवले गेले. नगरपासून बसने दोनेक तासांवर जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याआधी याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काम केले होते. दवाखान्यात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो आणि येणाऱ्या बहुतेक आजारांचे मूळ गावात असते, हे त्यांना तिथे कळले.

जामखेडला त्यांनी गावागावांतल्या बायका निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना शिकवून ग्रामआरोग्य सेविका केले. या सेविका नेमून दिलेल्या केसेस पुऱ्या करायला जात नसत. बाळंतपण, मुलांचा आहार, जुलाब, पाणी या गोष्टींपासून त्यांनी सुरुवात केली. झालेली मुले जगतात असा भरवसा आला की बाई आपणहून विचारू लागते, आता पाळणा कसा लांबवू? मग उत्तर देणारी बाई तिच्याच गावची, तिचे अंगावरचे-पोटातले सगळे जाणणारी. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. आम्ही केडगावात बसून अमेरिकेच्या गोष्टी ऐकत होतो, जामखेड मात्र आम्हाला लांब वाटले.

जगालाही हे शहाणपण यायला वेळ लागला. १९८६ मध्ये स्त्रीसंघटनांनी गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. आपल्यावर प्रयोग चालला आहे हे बायकांना सांगितलेच गेले नव्हते, अशी तक्रार होती. १९९४ मध्ये कैरोच्या जागतिक परिषदेत आकड्यांऐवजी स्त्रीचे आरोग्य आणि निवड हा पाया मानला गेला. १९९६ मध्ये भारत सरकारने साधनवार लक्ष्ये देणे बंद केले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कोणत्या प्रकृतीच्या व्यक्तीला कोणते साधन चालते याचे निकष चार वर्गांत मांडले : बेधडक चालेल, साधारणपणे चालेल, सहसा टाळावे, मुळीच नको. इब्न सीना यांची तीन कारणे वाढून आता शेकडो झाली होती. पण कागदावर आले म्हणजे गावात आले असे नव्हे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरात शस्त्रक्रियेनंतर तेरा बायका दगावल्या. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये द्यावा लागला.

मानवणे म्हणजे काय

साधन मानवणे म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. तांबीत हार्मोन नसते, अंगावर पाजणाऱ्या बाईला ती चालते, प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे टिकते. पण पाळी जड होऊ शकते, विशेषतः पहिले काही महिने. ज्या बाईची पाळी आधीच जड आहे आणि रक्त कमी आहे, तिने आधी याचा विचार करायला हवा. ‘माला-एन’सारख्या गोळीने याच्या उलट पाळी हलकी आणि नियमित होते. पण रक्तदाब असलेल्या, डोळ्यांपुढे वीज चमकून अर्धशिशी उठणाऱ्या, रक्ताच्या गाठीचा त्रास झालेल्या, पस्तिशीनंतर विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा सहा महिन्यांच्या आतले बाळ अंगावर असणाऱ्या बाईला ती नको. क्षयावरच्या रिफॅम्पिसिनने तिचा गुणही कमी होतो. लखनौच्या औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ‘सहेली’ १९९१ मध्ये बाजारात आली, तीच आता सरकारी केंद्रात ‘छाया’ नावाने मिळते. तिच्यात स्टेरॉइड हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची. तिने पाळी लांबते, आणि कावीळ किंवा बीजकोशाचा आजार असणाऱ्यांना ती चालत नाही. ‘अंतरा’ हे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी केंद्रांत मिळू लागले. ते दर तीन महिन्यांनी घ्यायचे. त्याने पाळी अनियमित होते, कधी थांबते, आणि सोडल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात. निरोधमुळे गर्भाबरोबर रोगही टळतो, पण प्रत्येक वेळी वापरला तर. पुरुष नसबंदीचा गुण लगेच येत नाही, तीन महिने थांबून तपासणी करावी लागते. यांतले आपले कोणते, हे डॉक्टरांसमोर बसून, सगळे सांगून ठरवावे.

मुस्लिम बाईला आणखी एक विचार करावा लागतो. वेळीअवेळी अंगावरून जाणे म्हणजे तिच्या नमाज-रोज्याचा प्रश्न. दवाखान्यात तो विचारायला ती लाजते, मौलवींना विचारायला त्याहून लाजते. वास्तविक फकीहांनी यावर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली आहेत. हनफी मतानुसार हैजची मुदत जास्तीत जास्त दहा दिवस, शाफई मतानुसार पंधरा. त्यापुढचा स्राव ‘इस्तिहाजा’, आणि त्यात नमाज-रोजा माफ होत नाही. दर नमाजच्या वेळी वजू करून ती अदा करायची असते.

हे मला कळले त्या दिवशी खालाची आठवण येऊन घशात काहीतरी अडकले. पंधरा दिवस अंगावरून जाई म्हणून ती पंधरा दिवस जानमाजपासून दूर राहिली, स्वतःला गुन्हेगार समजली. रक्त कमी असणाऱ्या तिच्यासारखीला पाळी हलकी करणारी गोळी कदाचित मानवली असती, हे तिला कोणी सांगितले नाही. दहा दिवसांनंतर तिची नमाज होते, हेही कोणी सांगितले नाही. दवाखाना आणि मदरसा, दोघांकडेही तिच्या कामाची विद्या होती. तिच्यापर्यंत एकीचाही शब्द पोहोचला नाही.

गेल्या वर्षी केडगावला गेले होते. खालाच्या नातसुनेला सात महिन्यांचे बाळ आहे. आशाताई दारावर आली होती. नातसुनेने तिला बसवले, चहा दिला आणि म्हणाली, “माझे डोके एका बाजूने दुखते, त्याआधी डोळ्यांपुढे चमकते. मला गोळी चालेल का?” आशाताईने लगेच उत्तर दिले नाही. म्हणाली, “मला वाटते गोळी नको, पण आपण उद्या डॉक्टर मॅडमना दाखवू. सोबत मी येते.” नातसून नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तुम्हीपण चला.” तो गप्प बसला, मग हो म्हणाला.

खाला पलंगावर बसून हे सगळे ऐकत होती. आता तिला कमी ऐकू येते, पण एवढे तिने ऐकले असावे. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “देख, इसकू पूछ रै.”